पूजेतला पान्हा

आमच्या यजमानांचा गुडघा वर्षभर दुखत होता. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, फक्त चढावर जोर देऊ नका. पण थेरगावहून कंपनीत जाताना पुलाचा चढ चुकत नाही. मोटरसायकल ते कधी शिकले नाहीत. दुसऱ्याच्या मागे बसून जायला तयार नव्हते. "त्यापेक्षा राजीनामा देतो," एवढंच म्हणायचे, आणि ते तसं करणारे आहेत.

म्हणून मुलीने पुढच्या चाकात बसवायच्या मोटरचा संच मागवला. बसवायचं काम दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी काढलं. कामांची यादी मी भिंतीवर चिकटवली. जुनं चाक काढणं, मोटरचं चाक पुढच्या दोन दांड्यांच्या चिमट्यात बसवणं, बॅटरी, वायरी, ब्रेक, सगळ्यावर खुणा झाल्या. एकच राहिलं: मोटरची आस जागेवर फिरू नये म्हणून चिमट्याला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी. तिचं भोक कानशीने थोडं मोठं करायला हवं होतं. नट हाताने फिरवून ठेवले आणि आम्ही जेवायला बसलो.

सकाळी उठून बघते तर यांनी पान्हे, कानस, पक्कड, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं.

"अहो, पट्टी राहिलीय ना?"

"आज हत्यार उचलायचं नसतं. कंपनीत तीस वर्षं नाही उचललं. उद्या."

"मग आज सायकलवर बसायचं नाही."

"कोण बसतंय?"

खाली अंगणात यांनी सायकलला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे वेल्डर पेढा खायला वर येता येता अंगणातच थांबले; यांनी तिथेच त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

"भाऊ, नुसता हार घालून काय? लिंबू चिरडल्याशिवाय पूजा होते व्हय? एक चक्कर मारा की राव!"

मी गॅलरीतून "नको" म्हणेपर्यंत हे बसलेसुद्धा. मूठ पिळली. चाकाऐवजी आसच गर्रकन फिरली, वायर तिच्याभोवती पिळली गेली आणि चाक चिमट्यातून अर्धं बाहेर आलं. यांनी पाय टेकला, पडले नाहीत. वेल्डर हातातला पेढा तसाच धरून उभे.

"झालं," हे म्हणाले. "गुंडाळून ठेवा. उद्या मी अर्जच देतो."

मी खाली जाऊन बघितलं. वायरीचं वरचं आवरण फाटलं होतं, आतल्या तारा शाबूत होत्या. वर आले, पाटाला नमस्कार केला आणि पान्हा उचलून खाली आणला.

"अगं! पूजेतला आहे तो!"

"तुम्ही नका हात लावू. मी लावते. कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगा."

"वहिनी, पाप माझ्या नावावर घाला," वेल्डर म्हणाले आणि सायकल उलटी धरून बसले.

चाक मी सरळ केलं. वायरीला टेप गुंडाळली. हे पायरीवर तोंड फिरवून बसलेले. मी पट्टी आसेवर दाबत होते, बसत नव्हती.

"दाबून काय होणार?" हे तिकडे बघतच म्हणाले. "कानस लागेल. आण."

"पूजेतली?"

"मग काय नवी घडवणार आहेस? गोल आण, चपटी नको."

कानस मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती आधी कपाळाला लावली, मग पट्टी मांडीवर घेऊन घासायला बसले.