लाल ठिपक्याचा कप

एचआयव्हीची नवी लस माणसाला सोसते का, एवढंच बघायला पुण्याच्या एका संस्थेला धडधाकट माणसं हवी होती. मी नाव दिलं. दुसरं इंजेक्शन घेऊन उदगीरला आले, तेव्हा सोबत फूटपट्टी आणि वही होती. दंडावरची लाली रोज मोजून लिहायची होती.

पट्टी आईच धरायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "यानं तो रोग तर न्हाई ना लागत?"

"न्हाई. यात तो विषाणूच न्हाई."

"मग तुला काय फायदा?"

"मला कायबी न्हाई," मी फटकन बोलले. "पुन्हा कुणाचं मावशीसारखं होऊ नये म्हणून घेतलीय."

मावशी त्याच रोगानं गेली. आजारपणात ती आमच्याकडंच होती. तिच्या कपातून चुकून कुणी पिऊ नये म्हणून आईनं त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. तो राग माझ्या मनातून कधी गेलाच नाही.

आई उठली. फडताळात मागं काहीतरी शोधलं, मग दोघींचा चहा घेऊन आली. मी आधी माझ्या कपाचं बूड पाहिलं. कोरं होतं.

आई समोर बसून फुंकर घालत चहा पीत होती. शेवटच्या घोटाला तिनं कप वर केला, तेव्हा ठिपका दिसला.