आयोसाठी केलेली जागा

शैलेशचा पाय थांबलेला मी कधी पाहिला नाही. टेबलाखाली त्याचा उजवा गुडघा सतत हलत असतो आणि त्याच्याबरोबर टेबलावरचा चहाचा ग्लासही. कितीदा सांगितलं, अरे बाबा, गिऱ्हाईक समोर बसलंय, त्याला वाटेल भूकंप झाला. तो तेवढ्यापुरता थांबवतो आणि मग डावा सुरू करतो.

नवीन पनवेलमध्ये आमचा दोघांचा फ्लेक्सचा गाळा आहे. मशीन मी चालवतो, डिझाइन तो करतो. उलव्यापासून शिरढोणपर्यंत कोणाचा वाढदिवस, कोणाची हळद, कोणाची निवड, कोणाचं तेरावं, सगळ्यांचे चेहरे त्याच्या हाताखालून जातात. चेहरा धुऊन काढणं हे आमच्या धंद्यातलं पहिलं काम. मुरूम उडवायचे, डाग पुसायचे, डोळ्यांखालचं काळं घालवायचं, रंग जरा वर न्यायचा. हे कोणी सांगत नाही, पण नाही केलं तर लोक बोंब मारतात. शैलेशचा हात यात इतका बसलाय की फोनवर दुसऱ्याशी बोलता बोलता तो पन्नाशीच्या माणसाला लग्नाच्या वयाचा करून ठेवतो.

अशा माणसाला चंद्राचं वेड लागलं. तेही आपल्या नव्हे, गुरू ग्रहाच्या चंद्राचं. आयो त्याचं नाव. पिवळा, लालसर, ठिकठिकाणी ज्वालामुखी असलेला गोळा. नासाचं जूनो नावाचं यान गुरूभोवती फिरतं आणि त्याच्या कॅमेऱ्याचे कच्चे फोटो ते लोक वेबसाइटवर उघडे ठेवतात. कोणीही घ्यावेत, नीट करावेत, आपल्या नावाने परत टाकावेत. कच्चे म्हणजे अगदीच कच्चे. लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या सुट्या पट्ट्या आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस. गुरूजवळच्या किरणोत्सर्गाने कॅमेरा खराब होत चाललाय म्हणे. शैलेशला हे कुठल्याशा व्हिडिओवरून कळलं आणि गडी कामातून गेला.

"कुमारशेठ, हे आपलंच काम आहे," तो मला म्हणाला. "पट्ट्या जोडायच्या, ठिपके काढायचे. फक्त गिऱ्हाईक लांबचं आहे."

"लांबचं आणि फुकटं," मी म्हणालो.

पण त्याला ऐकू येतंय कुठे! समोर नगरसेवकाचं बॅनर अर्धवट उघडं आणि मागच्या खिडकीत आयो. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? एकदा तर एका बाळाच्या बारशाच्या बॅनरला त्याने आयोच्या आकाशाचं काळं बॅकग्राउंड लावलं. आजी गाळ्यात येऊन आम्हा दोघांना झाडून गेली.

२०२४च्या फेब्रुवारीत ते यान आयोच्या अगदी जवळून जाणार होतं. जवळून म्हणजे पनवेलहून रस्त्याने दिल्लीला जावं साधारण तेवढ्या अंतरावरून. त्याआधीचा आठवडा शैलेशने माझा जीव नकोसा केला. खुर्चीवरून उठायचा, बाहेर जायचा, परत यायचा, वेबसाइट उघडायचा, बंद करायचा. यान अजून पोचायचंच होतं, तरी हा बघायचा. कॉम्प्युटरची डिस्क भरलेली होती. त्याला भीती की फोटो आले आणि ठेवायला जागाच नसली तर? मग एका दुपारी बसून त्याने गाळ्यातले जुने फोल्डर उडवले. "झालेली कामं आहेत, कोण मागायला येतंय," म्हणाला. मीही मान हलवली.

फोटो आले. त्या दिवशी हा माणूस जेवला नाही. संध्याकाळपर्यंत पट्ट्या जुळवल्या, रंग चढवला, ठिपके काढले, आणि मला हाताला धरून स्क्रीनपुढे बसवलं. खरं सांगतो, मी खुर्ची पुढे ओढली. डोंगरांच्या सावल्या दिसत होत्या. आकाश काळंभोर, आयोची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ. त्याने तो फोटो स्वतःच्या नावाने टाकला आणि कुठल्याकुठल्या देशांतल्या लोकांनी खाली कौतुक लिहिलं. मीच मग तो फ्लेक्सवर काढून गाळ्याच्या भिंतीला लावला. शिव्या मी देतो, पण मित्र माझाच आहे ना.

त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांचं वर्ष होतं. विठूकाका खाडीतले मासेमार. खाडी बुजत गेली तशी होडी विकली, पण माणूस अखेरपर्यंत समुद्राकडे बघितल्यासारखा डोळे बारीक करून बघायचा. वर्षाच्या दिवशी दारात बॅनर आणि घरात हार घालायला मोठी तसबीर, दोन्ही शैलेशनेच करायचं होतं. जुने फोल्डर उडवायच्या आधीच, आयोची वाट बघता बघता मधल्या वेळात त्याने ते करून ठेवलं होतं. मी छापलं. तसबिरीला चौकट बसवली. मलाही काही वावगं वाटलं नाही.

दमयंतीकाकी, म्हणजे शैलेशची आई, तसबीर न्यायला स्वतः आल्या. पिशवीत गुंडाळायला जुनं लुगडं आणलं होतं. त्यांनी तसबीर मांडीवर घेतली, पदराने काच पुसली, आणि पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यो कोन हाय?"

शैलेश हसला. "आये, चष्मा घाल."

"चष्मा हाय माज्या डोल्यावर. भुवई कुठं गेली त्याची?"

तेव्हा मला आठवलं. विठूकाकांची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. ऐन वाऱ्यात होडीचा दोर तुटून तोंडावर बसला होता. पापणीपर्यंत तिरपा व्रण, त्यामुळे तो डोळा कायम जरासा मिटलेला. तसबिरीतल्या माणसाच्या दोन्ही भुवया अखंड होत्या, दोन्ही डोळे सारखे होते. बँकेतून निवृत्त झालेल्या कोणा साहेबासारखा दिसत होता.

"डाग वाटला गं," शैलेश म्हणाला. "हातासरशी निघाला."

"डाग?" काकी उठल्या. "त्या भुवईवरनं मी त्याला लांबनं वलखायचे. होडी लागायच्या आदी. ह्या मानसाला मी हार घालनार नाय." तसबीर टेबलावर पालथी घालून त्या गेल्या. लुगडं तिथेच राहिलं.

शैलेशने लगेच मूळ फोटो शोधायला घेतला. तो जुन्या फोल्डरमध्ये होता, आणि तेच जुने फोल्डर त्याने आयोसाठी उडवले होते. मग तो घरी पळाला. बहिणीच्या लग्नाचा अल्बम काढला. तो त्यानेच बनवलेला, त्यात वडिलांची भुवई अखंड. गावच्या उत्सवाची बॅनरं, नातवाच्या वाढदिवसाचा फोटो, सगळीकडे तेच. विठूकाकांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत व्रण नव्हताच, दोर तुटला तो नंतर. आधार कार्डावरचा फोटो इतका काळपट की त्यात भुवईच काय, नाकही शोधावं लागेल. काकांना फोटोचा कंटाळा, मोबाइलही बटणांचा. गेल्या कित्येक वर्षांत या घरातला एकेक चेहरा शैलेशच्या हातून गेला होता, आणि दर वेळी त्याने बापाला धुऊन काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाळ्यात आला तो बसेचना. पंख्याखाली उभा राहिला, दारात गेला, परत आला. भिंतीवरच्या आयोपाशी येऊन थांबला.

"कुमार," तो म्हणाला, "मी ह्याचंही काही पुसलं नसेल ना?"

त्याने वेबसाइटवरून त्या दिवसाचा कच्चा फोटो पुन्हा उतरवला आणि आपल्या फोटोशेजारी ठेवला. मी मागे उभा होतो. ठिपके, पट्ट्या, ठिपके. मग त्याने आयोची कड मोठी केली. काळ्या आकाशात कडेला चिकटून एक फिकट फुगवटा होता, चुलीवरून धूर उठावा तसा. त्याच्या फोटोत तिथे काहीच नव्हतं, नुसतं सुरेख काळं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ज्वालामुखीचा फवारा. शेकडो किलोमीटर उंच जातात ते." तो खुर्चीत बसला. "मला वाटलं कड खराब झालीय. शेजारचं काळं उचलून वर क्लोन मारला."

लोक अजून त्या फोटोखाली वाहवा लिहीत होते. शैलेशने स्वतःच तिथे लिहून टाकलं की हा फोटो चुकीचा आहे, यातला ज्वालामुखी मी पुसलाय. मग त्याने नवीन केला. त्यात ठिपके राहिले, कड जरा भुरकट राहिली, आणि फवारा राहिला. भिंतीवरचा फ्लेक्स त्याने स्वतः ओढून काढला. मला वाईट वाटलं, पण मी अडवलं नाही.

"बघ," तो म्हणाला, "आयोचा फवारा परत आणता आला. तिकडे त्यांनी कच्चा फोटो जपून ठेवलाय. माझ्या बापाचा मी नाही ठेवला." आणि तो रडायला लागला. भर सकाळी, शटर उघडं असताना.

मी मोटारसायकल काढली, गावात गेलो आणि काकींना मागे बसवून घेऊन आलो.

गाळ्यात शैलेशने वडिलांचा चेहरा स्क्रीनभर मोठा करून ठेवला होता. काकींसाठी स्टूल ओढलं.

"आये, माज्याकडं खरा फोटो नाय र्‍हायला," तो म्हणाला. "तूच सांग. कुठनं कुठवर होता?"

काकींनी स्टूल स्क्रीनजवळ सरकवलं. मग बोट पुढे केलं. "हितनं. नाय, जरा खाली. असा तिरपा." शैलेशने बारीक ब्रश घेतला. ज्या हाताने आयुष्यभर पुसलं, तो हात आता एकेक केस तोडत होता. "येवडा रुंद नाय. मदी चिमटा काडल्यावानी. हां. पापनी दाब खाली. अजून." एकदा त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थापटी मारली. "पाय हालवू नको रे, हात हालल."

डावा डोळा हळूहळू बारीक झाला. बँकेतला साहेब गेला. कोणीतरी उन्हात उभं राहून आमच्याकडे बघत होतं, जरासं वैतागून, जरासं हसून. विठूकाका माझ्याकडे नेहमी असेच बघायचे.

"आला," काकी म्हणाल्या.

शैलेशने खुर्ची मागे घेतली. मी मशीनकडे वळलो, फाइल लावली. मागे वळून पाहिलं तर काकी उठून स्क्रीनजवळ गेल्या होत्या. त्यांनी उजवा अंगठा त्या तुटलेल्या भुवईवर ठेवला आणि दाबून धरला.

"त्या दिशी रगत थांबत नवतं," त्या शैलेशला म्हणाल्या. "हलद भरली नि मी असाच धरून बसले. किनाऱ्यावरच. तू पोटात व्हतास."

छापायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. काकींनी अंगठा काढेपर्यंत मी ते दाबलं नाही.