तारेत बांधलेला उंबर

आमच्या रोहिणखेडात उंबर तोडायची वेळ आली की खुर्शीदला बोलावतात. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, त्याला कुऱ्हाड लावली की पाप लागतं. पण विहिरीच्या दगडांत रोप उगवलं की मुळं बांधकाम फोडतात, म्हणून तोडावं तर लागतंच. मग मालक तोंड फिरवून उभा राहतो आणि खुर्शीद दोर धरून आत उतरतो. पाप त्याला, विहीर आम्हाला. मोठा सोयीचा धर्म आहे आमचा.

खुर्शीदचा खरा धंदा विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. बीटी कापूस आला तशा विहिरी खोल गेल्या, मोटारी जळू लागल्या आणि त्याच्या दुकानात तांब्याच्या तारेचा ढीग साचला. तशात एकदा चिखलीच्या कृषी प्रदर्शनात त्यानं बोन्साय पाहिलं. खोड कुंडीच्या काठावरून वळून थेट खाली लोंबत होतं, दरडीवरून झुकल्यासारखं. लोक वाहवा करत होते, हा मात्र खोडाला वळण देणारी तार निरखत होता. घरी येऊन बायकोला, बिलकिसला, म्हणाला, "असे झाडं त मी दरसाल विहिरीतून तोडून फेकतो."

तेव्हापासून लहान रोपं तो जिवंत काढायचा, तारेनं वळवून कुंडीत लावायचा. मोठी मात्र तोडावीच लागत.

बोंडअळीनं सगळा कापूस खाल्ला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात भगवानरावांनी विहीर खोल करायला काढली. आत मनगटाएवढा उंबर लोंबत होता. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई काठावरून म्हणाल्या, "भाऊ, जमलं त मारू नका हो त्याले."

खुर्शीदनं दिवसभर सबलीनं, लोखंडी पहारीनं, दगड सैल केले. झाड निघालं, पण शेवटच्या हिसक्यात खोडाला लांब चीर गेली. त्यानं चीर ओल्या चिंध्यांनी आवळली, वरून तारेचे वेढे दिले, दुकानाच्या दाराशी सिमेंटच्या उभ्या नळीत झाड लावलं आणि शेंडा खाली ताणून बांधला. विहिरीत जसं होतं तसंच. महिनाभरानं लाल कोवळी पानं फुटली. बिलकिसनं शेजारीपाजारी साखर वाटली.

आणि कुणीतरी मोबाइलवर फोटो फिरवला. खाली लिहिलं होतं, आमच्या देवाला तारांनी बांधून ठेवलंय.

माझी पिठाची गिरणी त्याच्या दुकानासमोरच आहे. दुपारी दहा-बारा पोरं आली, पुढे भगवानरावांचा राजकुमार. बोंडअळीनं वाया गेलेल्या उभ्या कपाशीत याच पोरानं मेंढ्या सोडल्या होत्या. तेव्हापासून त्याचा राग कुणावर तरी निघायला टपलेला होता. मी गिरणी बंद केली. भीती वाटली होती, खोटं कशाला सांगू? आणि संतापही आला. कुऱ्हाड चालवली असती तर यातल्या एकानंही हूं की चूं केलं नसतं!

"काऊन बांधलं बे देवाले?" राजकुमार ओरडला. कालपर्यंत तो खुर्शीदला चाचा म्हणायचा. "सोड आताच्या आता."

"राजू, तुह्या मायनंच वाचवाले सांगतलं होतं."

"मायचं नाव नको घेऊ. सोडतो का आमी सोडू?"

"खोडाले चीर हाय. सांधली नाई अजून. तार काढली त उभं फाटन, मरन थे झाड."

"बहाणे सांगते!" मागून कुणीतरी म्हणालं. एकानं दुकानाच्या दारावर लाथ मारली. बिलकिस आतून धावत आली आणि नळीला कवटाळून बसली.

खुर्शीदनं तिला हाताला धरून उठवलं, बाजूला केलं. टेबलावरची पक्कड उचलली आणि राजकुमारच्या हातात दिली.

"घे. सोड तूच. मी आडवत नाई. पन फाटलं त उंबर तुह्या हातानं मेला, हे याद ठेव."

राजकुमार पुढे झाला. तारेच्या टोकाला पक्कड लावली. वेढा जरासा सैल पडला आणि चिंधीखालून कर्र असा आवाज आला. त्यानं हात मागे घेतला. शेजारच्या पोराकडे पक्कड केली, त्यानं हात खिशात घातले. तिसरा तर मागेच सरकला. दहा-बारा जण, पण पक्कड धरायला कुणी तयार होईना.

शेवटी राजकुमार म्हणाला, "तूच सोड."

"नाई."

खुर्शीदचा आवाज चढला नव्हता, पण असं 'नाही' त्याच्या तोंडून गावानं कधी ऐकलं नव्हतं.

"आजवर तुमच्या वाटचं सारं मीच तोडलं, राजू. तुह्या आजाच्या विहिरीतलं, तुह्या बापाच्या विहिरीतलं. एकानंही मले इचारलं नाई, खुर्शीद, तुले काई वाटते का म्हनून. हे एक मी तोडत नाई."

मागची पोरं एकेक करून सटकली. राजकुमार तसाच उभा होता. मघाशी सैल झालेल्या वेढ्याकडे त्यानं पाहिलं, आणि खालच्या आवाजात विचारलं, "चाचा, मरन का थे?"

"आवळून पाहू," खुर्शीद म्हणाला. "इथं धर. दोन्ही हातानं."

राजकुमारनं धरलं.