कारल्याचा वेल आणि मिशा

गल्लीच्या टोकाला जुने कॅमेरे विकणारे एक मिशाळ गृहस्थ आहेत. रोज भेटतात, तरी मला 'पावणं'च म्हणतात. गिऱ्हाइकाला महाग वस्तू घेऊ न देणं हा त्यांचा धर्म.

गच्चीवरच्या कारल्याचा वेल दोरीला विळखा घालतो, तो क्षण मला टिपायचा होता. मी भारी कॅमेऱ्याला हात लावताच ते गरजले, "पावणं, येल पळून जाणार हाय व्हय? ठेवा त्यो खाली."

सगळ्यात स्वस्त कॅमेरा त्यांनी स्वतः येऊन वेलासमोर लावला. दर काही मिनिटांनी आपोआप फोटो काढणारा. तरी रोज तपासायला येत.

आठवड्यानं आम्ही ते फोटो जोडून केलेली चित्रफीत पाहिली. वेल सरसर दोरीपाशी पोचला आणि पडदाभर मिशा आल्या. त्या हटल्या तेव्हा विळखा पडून गेला होता.

मी कपाळाला हात लावला. ते पडद्याजवळ सरकले.

"केस न् केस दिसतोय की. म्हटलं न्हवतं, स्वस्तातला बी झकास हाय?"