शहाण्णवाव्या पानानंतरच्या कोंबड्या

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता!

मी मानवतला पुस्तकांच्या बायंडिंगचं काम करतो. शाळा नववीत सुटली, पण पुस्तकं सुटली नाहीत. शिवता शिवता वाचतो. तरी गावात माझी ओळख काय? 'बायंडिंगवाला पोरगा'. एकदा तरी कुणी 'वाचक' म्हणावं, एवढीच इच्छा.

आमच्या वाचनालयात सध्या विसरलेली पुस्तकं पुन्हा वाचायची टूम निघालीय. दर महिन्याला एकानं एका जुन्या पुस्तकावर बोलायचं. ग्रंथपाल सर म्हणाले, "या बारीला तू बोल."

"मी? सर, चार माणसांत स्वतःचं नाव सांगताना मला घाम फुटतो!"

"मग नाव नको सांगू. पुस्तकाचं सांग."

मी कपाटाच्या तळातून एक कादंबरी काढली. आपल्याच जिल्ह्यातले लेखक, आता हयात नाहीत. त्यांचं नाव सांगत नाही. माझ्यामुळे झाला तेवढा त्रास पुरे.

कादंबरीत खेड्यातले एक मास्तर. सुमनवर जीव, पण बोलायची हिंमत नाही. अगदी मीच की हो! शहाण्णवाव्या पानावर मास्तर विहिरीच्या काठावर बसतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी घाईघाईनं शेजारच्या पानावर गेलो. सत्याण्णव! 'त्यांना कोमट पाण्यात हळद घालून पाजावी. मान टाकल्यास इतरांपासून वेगळे ठेवावे.'

मी हादरलो. केवढं हे धाडस! पुढे मास्तर नाहीत, सुमन नाही. शेवटपर्यंत नुसत्या कोंबड्या. त्यांची सर्दी, त्यांची हगवण, त्यांच्या पिसांतल्या उवा.

तुम्ही म्हणाल, लेका, तेव्हाच कळायला नको? अहो, मोबाईलवर मी मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली होती. नव्या साहित्यात म्हणे गोष्ट मधेच मोडतात. मला वाटलं, आपले लेखक तर केव्हाच मोडून बसले! तो कोंबड्यांचा भाग मी आठ वेळा वाचला. पाठच झाला.

कार्यक्रमाला ही गर्दी! पहिल्या रांगेत लेखकांच्या कन्या, खास नांदेडहून आलेल्या. सत्तरीच्या ताई. मी डोळे मिटून सुरू केलं.

"कोंबडी म्हणजे आपला समाज! जो मान टाकतो, त्याला आपण वेगळं ठेवतो!"

टाळ्या पडल्या. मला चढली.

"मास्तरांचं दुःख थेट हगवणीपर्यंत नेणारा असा लेखक..."

ताई उठल्या. "बाळा, माझ्या वडिलांनी जन्मात कोंबडी पाळली नाही. खाल्लीसुद्धा नाही."

सरांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. शहाण्णव बघितलं, सत्याण्णव बघितलं. "छपाईच वेगळी आहे की. हे बांधलं कुणी?"

वाचनालयाची पुस्तकं बांधणारा गावात एकच माणूस. तो माईकवर उभा होता.

मग आठवलं. मी नवा नवा शिकत असताना सरांनी कव्हरं गेलेल्या सुट्या पानांचा गठ्ठा दिला होता. दोन पुस्तकं, एकाच मापाची, सारखीच पिवळी. मी इमानदारीनं आकडे जुळवले. शहाण्णवानंतर सत्याण्णव. कुणाचं सत्याण्णव, हे कोण बघतंय?

"तरीच!" मागून आवाज आला. पेडगावचे दत्तूमामा, कोंबड्या पाळणारे. "आमच्या कोंबड्या झुरायल्या म्हणून हितूनच पुस्तक नेलतं. खुराडं कसं बांधावं, ते वाचून झालं. औषध बघायला म्होरल्या पानावर गेलो, तर मास्तर सुमनला पत्र लिहायलाय!"

"मग?"

"मग काय, बसलो वाचत. लय रडलो. बायको म्हणली, आवो, सगळ्याच मेल्या का काय?"

हॉल हसून हसून आडवा. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे बाबांच्या कादंबरीचा शेवट तुम्ही वाचलाय?"

"तीनदा, ताई."

"तो वाचलेला माणूस मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता."

झालं! मामांना स्टेजवर बोलावलं. मामांनी त्यांच्या भाषेत शेवट सांगितला आणि मघाशी हसणारी माणसं डोळे पुसायला लागली. मी पण. माझ्यासाठी आणलेली शाल मामांच्या खांद्यावर गेली, नारळ पण त्यांनाच. सर म्हणाले, "ह्याला म्हणतात वाचक!"

मी भिंतीला चिकटून उभा. तेवढ्यात एक गृहस्थ जवळ आले. वाटलं, धीर द्यायला आले असतील.

"पोरा, ती हळद किती टाकायची रं?"

सांगितली. पाठच होती ना! मागं अजून दोघं उभे होते.

दोन्ही पुस्तकं मी उसवून नीट शिवून दिली. मामा आता महिन्याला एक कादंबरी नेतात. मीही खूश आहे. शेवट कळला, मास्तर वाचले.

परवा राणीसावरगावहून एक फोन आला. "वाचनालयात पुस्तकावर भाषण केलेले तुमीच का?"

माझी छाती फुगली. शेवटी कुणीतरी विचारलं! "हो हो, मीच. बोला ना!"

"बरं झालं बाबा, घावलात. आमच्या कोंबडीनं मान टाकलीय."