वर्तक सरांचं अक्षर

वर्तक सर गेल्याचं मला त्यांच्या सूनबाईंच्या फोनवरून कळलं. "मावशी, बाबा पहाटे गेले... तुम्ही जरा लवकर येता का? माणसं येतील, घर आवरायचंय." दुःख आणि केर एकाच वाक्यात उरकले. मी हो म्हटलं. हडपसरहून बस धरून शनिवार पेठेत गेले, बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या पुसल्या आणि मग सरांच्या पायांशी डोकं टेकवलं. त्याला आता दीड महिना झाला. पेपरच्या पुरवणीत लोक गेलेल्या माणसावर लिहितात, ते मी वाचते. त्यातला माणूस नेहमी देवमाणूस असतो. वर्तक सर देवमाणूस नव्हते. त्यांच्यावर कुणी खरं लिहील असं वाटत नाही, म्हणून मी माझ्या वहीत लिहिते आहे.

सर मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायचे, छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी. घरापासून दोन गल्ल्या पलीकडे त्यांची एक खोली होती, तेच ऑफिस. तिथं झाडू-फरशी आणि चहा ही माझी कामं. एकोणीस वर्षं केली. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती, त्यामुळे ड्रॉइंगवरचं इंग्रजी म्हणजे मला नुसत्या काड्या आणि गोल. सरांना कुणाचंच काम आवडत नसे. डिप्लोमा झालेला मदतनीस ठेवला की महिन्याभरात त्याला घालवायचे. "तुम्ही अक्षर काढत नाही, किडे मारून ठेवता," असं तोंडावर म्हणायचे. गिऱ्हाइकालाही सोडत नसत. एकानं विचारलं, "सर, उद्या मिळेल ना?" तर म्हणाले, "मिळेल. चुकीचं हवं असेल तर आजही मिळेल."

मग सरांचा हात कापायला लागला. रेघा पट्टीच्या आधारानं सरळ यायच्या, पण अक्षराला कुठली पट्टी? एकदा टेबल पुसताना एक कागद माझ्या बाजूनं उलटा पडलेला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, इथं फट पडलीय." ते चष्मा वर करून बघत राहिले. एका शब्दात दोन काड्यांच्या मधे नको तेवढी जागा सुटली होती. "तुम्हाला हे इंग्रजी वाचता येतं?" मी मान हलवून नाही म्हटलं. "उत्तम," सर म्हणाले, "वाचता येणारा माणूस अक्षराकडे बघतच नाही." माझं एवढं कौतुक त्यांनी परत कधी केलं नाही, आणि तेही माझ्या अडाणीपणाचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सर मला अक्षर काढायला शिकवू लागले. पहिले दोन महिने त्यांनी नुसत्या रेघा मारायला लावल्या. दोन पुसट रेघा, इतक्या पुसट की काम झाल्यावर शोधाव्या लागतील. अक्षर त्यांच्यामध्ये उभं करायचं, डोकं वरच्या रेघेला, पाय खालच्या रेघेला, लोंबणारं काही नको. दांडी वरून खाली ओढायची, खालून वर ढकलायची नाही. तळहाताखाली कागदाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे घामानं पेन्सिलीचं शिसं पसरत नाही. दोन अक्षरांतली जागा फूटपट्टीनं मोजायची नाही. दोन गोल शेजारी आले तर जवळ घ्यायचे, दोन उभ्या दांड्या आल्या तर लांब ठेवायच्या आणि शेवटी कागद उलटा करून बघायचा. आकड्यांवर तर त्यांचा फार राग. तीन असा हवा की कुणी आठ वाचता कामा नये. एवढं सगळं कशासाठी, असं मी एकदाच विचारलं. "हा कागद कारागिराच्या हातात जाणार, बाई. हात तेलकट, दिवा मिणमिणता. त्यानं तिनाचा आठ वाचला की लोखंड गेलं भंगारात. सुंदर दिसून कुणाला काय करायचंय?"

पुढची अकरा वर्षं त्या ऑफिसातून बाहेर पडलेल्या प्रत्येक ड्रॉइंगवरचं अक्षर माझं होतं. सर चिठ्ठीवर कापऱ्या हातानं मजकूर लिहून द्यायचे, मी कागदावर उतरवायचे. खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकटी असतात. त्यातल्या एका चौकटीत ड्रॉइंग काढणाऱ्याचं नाव. तिथं मी सरांचं नाव घालायचे. त्यातल्या काड्या मला माझ्या इंग्रजीतल्या नावाआधी पाठ झाल्या. एकदा, काय अंगात आलं कोण जाणे, मी ती चौकट रिकामी सोडून कागद त्यांच्यापुढे ठेवला. "बाई, इथं राहिलंय." मी म्हटलं, "काय लिहू?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. ते मूर्ख कधीच नव्हते. "नेहमीचं," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी नेहमीचं लिहिलं.

त्याच सुमाराला एक वर्कशॉपवाला कागद हातात घेऊन म्हणाला, "सर, या वयात काय हात आहे तुमचा!" मी शेजारी उभी राहून त्याच्या कपात चहा ओतत होते. सर म्हणाले, "सवय आहे." बस्स. एवढा फटकळ माणूस, ज्याला समोरच्याच्या तोंडावर काहीही बोलायची भीती नव्हती, त्याला "हे बाईंनी लिहिलंय" एवढी तीन शब्दांची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून मी त्यांना मनातून फार मानलं नाही. माझंही काही कौतुक नाही. मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही, आणि त्यांनी ते बरोबर ओळखलं होतं.

शोकसभा एका कार्यालयाच्या हॉलमध्ये झाली. स्टेजवर फ्लेक्स, त्यात 'श्रद्धांजली'ची अक्षरं एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी. सर असते तर फोटोतून उठून गेले असते. हाराशेजारी तीन जुनी ड्रॉइंगं फ्रेम करून ठेवली होती. तिन्ही माझ्या हातची. एक गृहस्थ माइकवर म्हणाले, "सरांचं अक्षर म्हणजे मोती!" मोती नथीत असतात, ड्रॉइंगवर असले तर कारागीर फसतो. सर ज्याला शिवी समजायचे तीच त्यांना आदरांजली म्हणून मिळाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी मागच्या खुर्चीवर पदर घट्ट धरून बसले होते.

परवा सरांचा मुलगा निखिल घरी आला. त्याची कंपनी हडपसरलाच आहे, जेवणाच्या सुट्टीत बाइक काढून आला. "मावशी, बाबांच्या हँडरायटिंगचा फॉन्ट करतोय. कॉम्प्युटरवर कुणालाही वापरता येईल. नाव पण 'वर्तक'च ठेवतोय. फक्त त्या फ्रेममधल्या तीन ड्रॉइंगमध्ये 'जे' आणि 'झेड' ही अक्षरं नाहीयेत. तुमच्याकडे काही जुनं पडलंय का?" ऑफिस विकलं तेव्हा बाकीचे सगळे रोल यानंच टेम्पोत भरून रद्दीत घातले होते. आता दोन अक्षरांसाठी माझ्या दारात.

आजवर माझं अक्षर सरांच्या नावावर एका खोलीत राहिलं होतं. आता ते सगळ्या जगात त्यांच्याच नावानं जाणार होतं, आणि उरलेली दोन अक्षरंही मीच काढून द्यायची होती. पेन्सिल हातात घेतली असती तर दोन मिनिटांचं काम.

मी स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरचे डबे खाली उतरवले. डब्यांखाली मी सरावाचे जुने कागद अंथरलेले आहेत. सरांचा हात थोडा कापायला लागला होता, तेव्हाचे. ते प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर स्वतः काढून द्यायचे आणि पुढची ओळ मी भरायची. ए पासून झेडपर्यंत सगळी अक्षरं आहेत त्यांत. मी कात्री घेतली, प्रत्येक कागदाची डावी कड सरळ कापली आणि त्या पट्ट्या निखिलच्या हातात दिल्या.

"हे तुमच्या वडिलांचं अक्षर."

त्यानं पट्टी उजेडात धरली. "मावशी... हे जरा वाकडं नाही का? फ्रेममधलं जास्त नीट आहे."

"हो, ते नीट आहे. ते माझं आहे. ते नाही वापरायचं."

"पण मी सगळ्यांना सांगितलंय ना की..."

"मग परत सांगा."

इतकं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. तो चहा न घेताच गेला, पण पट्ट्या घेऊन गेला. आता त्यांचा काय तो वाकडातिकडा फॉन्ट होईल तेव्हा होईल.

डबे परत लावताना कागद नीट पाहिले. ओळींची सुरुवात गेली आहे, पण दुसऱ्या टोकाला सरांनी लाल पेन्सिलनं मारलेला शेरा तसाच आहे. प्रत्येक ओळीशेवटी एकच शब्द, "पुन्हा". तुरीच्या डब्याखाली पुन्हा, साखरेच्या डब्याखाली पुन्हा. फक्त झेडची ओळ संपते तिथं काही लिहिलेलं नाही. ती ओळ पाहून ते काही न बोलता उठून हात धुवायला गेले होते. त्यांचं शाबास म्हणणं ते एवढंच. तेवढ्यावर मी ती सगळी वर्षं काढली. त्या ओळीवर मी मिठाची बरणी ठेवली आहे.