बोटभर ढाळ

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, फरशा बसवायचे. घरामागचं अंगण, बाजूची वाट, बसायचा कट्टा, वेलाचा मांडव, असं घराबाहेरचं जे काही असेल ते त्यांचं काम. मास्तर हे नाव पडलं ते तोंडामुळे. काम चार दिवसांचं असलं तरी घरमालकाला उपदेश वर्षभर पुरेल एवढा मिळायचा. पावसाच्या आधी पन्हळी साफ करा, पाऊस संपला की शेवाळं खरवडा, थंडीत बाहेरच्या खुर्च्यांना तेल पाजा, उन्हाळ्यात फरशीच्या सांध्यांत वाळू भरा. ऐकणारा कंटाळून आत गेला, तर मास्तर खिडकीशी जाऊन उरलेलं सांगायचे.

काम मात्र चोख. फक्त एक टेंभा मिरवायचे. बरोबरचे गवंडी दोरी ताणून, पाणसळीने पातळी बघून फरशीला ढाळ, म्हणजे उतार, द्यायचे, आणि मास्तर एक डोळा मिटून म्हणायचे, दोरी ठेव बाजूला, पाणी कुठे जाणार ते मला नुसतं बघून कळतं. बहुतेक वेळा कळायचंही, पंचाईत तीच होती.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी थोरल्या बहिणीच्या घरामागचं अंगण करून दिलं. आई गेली तेव्हा मास्तर सहा वर्षांचे होते आणि ताई सोळाची. तिनेच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. तिच्या घरामागे बारा महिने चिखल असायचा. मास्तरांनी करड्या फरशा आणल्या, भिंतीलगत कट्टा बांधला, वर मांडव चढवला. शेजारीपाजारी कुंपणावरून बघत उभे, वा वा करत होते, आणि मास्तरांना चेव चढला. दोरी पिशवीतून बाहेरच आली नाही. संध्याकाळी ताई कट्ट्यावर बसली, फरशीवरून हात फिरवला आणि म्हणाली की जन्मात कुणी मला एवढं सुंदर काही दिलं नव्हतं. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं.

तेव्हापासून नवं गिऱ्हाईक आलं की मास्तर त्याला ताईचं अंगण दाखवायला न्यायचे. ताईची अट एकच, आधी फोन कर, घर आवरलेलं नसतं. पावसाळ्यात तर ती येऊच द्यायची नाही. मागचं दार फुगतं रे, उघडत नाही, म्हणायची, आणि स्वतःच भावाकडे येऊन जायची. मास्तर म्हणायचे, दार तासून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. ती म्हणायची, चहा ठेवू का?

मध्यंतरी दाजींचा पाय मोडला. बाजारात पायरी चुकली, असं ताईने सांगितलं. पाय जुळला तो वाकडाच, काठी कायमची हाती आली. दाजी मुळात अबोल माणूस. मास्तरांनी त्यावरून त्यांची थट्टा आरंभली. दर भेटीत, "काय दाजी, खाली बघून चालायला शिकलात का?" दाजी हसायचे. ताई मात्र आत निघून जायची, आणि मास्तरांना वाटायचं, हिला आताशा गंमत कळत नाही.

यंदा मास्तरांकडे एक बाई आल्या. वृद्धाश्रम चालवायच्या. आश्रमाच्या मधोमध मोठा चौक होता, तो नीट करायचा होता. म्हातारी माणसं तिथे सकाळ-संध्याकाळ फिरणार, बसणार. पाणी साचता कामा नये, पाय घसरता कामा नये. मास्तरांचा जन्म लोकांच्या परसदारी गेला होता. एवढी मोठी जागा, एवढी माणसं रोज त्यांच्या फरशीवरून चालणार, हे काम त्यांना जिवापाड हवं होतं. बाई म्हणाल्या, आधी तुमचं एखादं जुनं काम बघते, पण मला वेळ आत्ताच आहे. मास्तरांनी ताईला फोन लावला, तिने उचलला नाही. रात्रभर पाऊस पडून नुकता थांबला होता. उलट बरंच झालं, मास्तर बाईंना म्हणाले, पावसानंतर बघण्यातच खरी परीक्षा.

बाजूच्या वाटेने ते बाईंना घेऊन थेट मागे गेले.

अंगणात घोटाभर पाणी होतं. ताई साडी गुडघ्यापर्यंत खोचून वायपरने ते दारापासून मागे ढकलत होती. ती ढकलायची, पाणी परत यायचं. मागचं दार सताड उघडं होतं, फुगलंबिगलं काही नव्हतं. उंबऱ्याला एक फळी आडवी ठोकलेली, फळीच्या फटींत गोणपाट कोंबलेलं. आत स्वयंपाकघरात कपाटाखाली चारही बाजूंनी विटा, आणि दाजी पाय लांब करून, स्टुलावर बसल्या बसल्या फडकी पिळत होते. साठीची ताई आणि पासष्टीचा तिचा नवरा, दोघं किती सराईतपणे ते काम करत होते.

मास्तरांना बघताक्षणी कळलं. ढाळ उलटा होता. जास्त नाही, बोटभर. पण पाण्याला तेवढं पुरतं, सगळं अंगण ताईच्या दाराकडे कललं होतं.

ताईने वर बघितलं, आधी भावाला, मग बाईंना. क्षणात तिने वायपर भिंतीला टेकवला आणि हसली. "बाई गं, काय अवतार हा! नळ उघडा राहिला रात्री माझ्याकडून. पाणी पाणी झालं बघा सगळं."

आता इथे मास्तरांनी गप्प बसावं की नाही? नुसतं गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण बाई शेजारी उभ्या होत्या, चौक डोळ्यांसमोर होता, आणि जीभ आपली सुटली. "ताई, साधा नळ बंद करायचं भान नाही तुला? लोक माझं काम बघायला येतात इथे. किती वेळा सांगितलं, घराकडे लक्ष देत जा म्हणून!"

ताईची मान खाली गेली. "चुकलंच माझं," ती म्हणाली.

बाईंनी फळीकडे बघितलं, विटांकडे बघितलं. कळवते, म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मास्तर तिथेच पाण्यात उभे राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, सांगितलं का नाहीस मला? ताई म्हणाली, सांगायचं काय त्यात, पावसाचे चार महिने तर असतात. आणि मग मास्तरांना एकदम ते सुचलं, नको होतं तरी सुचलं. त्यांनी दाजींच्या पायाकडे बघितलं.

"कुठे पडला होतात तुम्ही?"

दाजींनी ताईकडे पाहिलं. मग काठीचं टोक उंबऱ्याबाहेरच्या फरशीला लावलं. "इथे," ते म्हणाले. "शेवाळं होतं."

दोन वर्षं मास्तर त्या माणसाला खाली बघून चालायला शिकवत होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजींचे पाय धरावेत असं वाटलं, पण तेवढीही हिंमत झाली नाही. त्यांच्या हातातली फडकी घेतली आणि पिळत बसले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच छिन्नी-हातोडा घेऊन आले आणि दारापासून फरशा उखडायला लागले. शेजारी कुंपणावरून डोकावले. ताई घाईघाईने म्हणाली, डिझाईन बदलतोय तो. मास्तर मान वर न करता फोडत राहिले. खरं बोलायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण शेजारी आत गेले तरी ते ओठांवरच राहिलं. त्याचीही लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी, दोरी ताणून, पाणसळ लावून पहिली ओळ बसवून झाली तेव्हा त्यांनी बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. नळ वगैरे काही नव्हतं, ढाळ माझा चुकला होता, दोरी न लावता केलं होतं.

"ते मला तिथेच कळलं," बाई म्हणाल्या. "एक दिवस नळ उघडा राहिला म्हणून कुणी दाराला फळी ठोकून ठेवत नाही. ढाळ कुणाचाही चुकेल मास्तर, दुरुस्त होतो. पण तुम्हाला सांभाळायला ती बाई खोटं बोलली, आणि तुम्ही माझ्यादेखत तिलाच झापलंत. माझ्याकडची म्हातारी माणसं चूक नसताना माफी मागतात. त्यांच्यात तुम्हाला कसं आणू?"

मास्तरांनी फोन खिशात ठेवला. ताई चहा घेऊन दारात उभी होती, डोळे लुकलुकत.

"त्याच होत्या ना? मिळालं काम?"

"नाही."

"का रे? ढाळामुळे?"

मास्तरांनी कप हातात घेतला. तिच्याकडे बघवेना, म्हणून फरशीकडे बघत म्हणाले, "नाही. त्या दिवशी त्यांच्यासमोर तुला ओरडलो म्हणून."

ताई पदराने त्यांच्या कपाळावरची सिमेंटची धूळ पुसत म्हणाली, "कधी ओरडलास? मला तर काही आठवत नाही."